जबडा, पाळी आणि कडक भाकरी

जानेवारी २०२३ ची गोष्ट. संक्रांत होऊन आठवडा झालेला, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा अजून चालूच होती, आणि रविवारी आम्ही सगळे मंगळवेढ्याकडं नणंदेच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. मालदांडी ज्वारीची कणसं, गोवऱ्यांची आगटी, शेंगाचटणी, दही, गूळ, सगळं यथासांग. तासभर हुरडा खाल्ला तरी मला काही झालं नाही. मग भाच्यानं उसाचं कांडं हातात दिलं, मी लहानपणासारखं डाव्या दाढेत धरून साल ओढलं आणि कानापाशी काहीतरी टक् करून सरकलं. फार दुखलं असंही नाही. पण पुढचा तुकडा तोडायला गेले तर तोंड उघडेचना. जेमतेम दीड बोट आत जाईल एवढं उघडायचं आणि तिथं अडायचं, पावसाळ्यात फुगलेलं दार अडतं ना तसं. नणंद म्हणाली, वहिनी चेष्टा करताय काय. सासूबाई म्हणाल्या, "एक मोठी जांभई दे की, सुटंल." जांभई दिली नाही हे नशीबच, ते नंतर कळलं.

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला बुककीपिंग शिकवते. तेव्हा वय ४५. म्हणजे दिवसाला चार-पाच तास बोलायचं काम, आणि सोमवारी सकाळी ७ वाजता बारावीचं लेक्चर. तोंड न उघडता घसारा शिकवून बघा एकदा. पोरं हसली नाहीत, उलट मागच्या बाकावरचा एक पोरगा येऊन विचारून गेला, मॅडम दाढ काढली का.

खरं सांगायचं तर हा जबड्याचा सांधा मला बारा-तेरा वर्षं नोटीस देत होता. धाकटी २०१० ला झाली, ती चार-पाच महिन्यांची असताना पहिल्यांदा जेवताना कानाजवळ टकटक वाजायला लागलं. दुखत नव्हतं म्हणून सोडून दिलं, अंगावर पिणारं मूल असताना कोण जबड्याकडं बघतंय. पुढं कधीमधी डावा कान ठणकायचा. कानाच्या डॉक्टरांकडं दोनदा गेले, दोन्ही वेळा कान स्वच्छ निघाला आणि दोन्ही वेळा ड्रॉप मिळाले. २०१९ ला एका डेंटिस्टनी अक्कलदाढेवर ठपका ठेवला आणि ती काढली. दाढ गेली, साडेतीन हजार गेले, दुखणं जागेवर. आता वाटतं की त्या माणसानं एकदा कानापुढं बोट ठेवून मला तोंड उघड-मिट करायला लावलं असतं तरी त्याला टकटक हाताला लागली असती. पण नाही लावलं.

तर यावेळी मैत्रिणीच्या सांगण्यावरनं पुण्याला गेले, मॅक्सिलोफेशियल सर्जनकडं. हे नाव उच्चारायलाच माझं तोंड पुरेसं उघडत नव्हतं, रिसेप्शनवर "जबड्याचे डॉक्टर" म्हणून भागवलं. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर साधी प्लास्टिकची पट्टी घेतली आणि वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत मोजलं. २४ मिलिमीटर. नॉर्मल माणसाचं ४० ते ५० उघडतं म्हणे, स्वतःची तीन बोटं उभी आत जायला पाहिजेत. आणि उघडताना हनुवटी डावीकडं वळत होती, जे मला आरशात कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी मला दोन्ही करंगळ्या कानात घालायला लावल्या आणि हळूहळू उघड-मिट करा म्हणाले. उजव्या बाजूला खालच्या जबड्याच्या टोकाची हाडाची गोटी पुढं सरकताना बोटाला चक्क कळत होती, डावीकडं ती जागच्या जागी फिरत होती फक्त.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. कोपरासारखे सांधे नुसते बिजागरीसारखे असतात, हा सांधा बिजागरी पण आहे आणि सरकतं दार पण. आधी गोटी जागेवर फिरते, मग तोंड अजून उघडलं की ती पुढं घसरते, आणि गोटी आणि कवटीच्या मधी एक गादी असते ती तिच्याबरोबर पुढं-मागं होते. माझी गादी बऱ्याच वर्षांपासून पुढं सरकलेली होती. तोंड उघडताना गोटी त्या गादीवर उडी मारून चढायची, तेच ते टक्. आता गादी एवढी पुढं जाऊन बसली होती की गोटीला वर चढताच येईना, म्हणून दार बंद. आवाज थांबला म्हणून मी मनात खूश झाले होते, तर ते थांबणंच वाईट होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती पुढं माझ्या फार कामी आली. गुडघ्यात हाडाच्या टोकावर काचेसारखी गुळगुळीत कूर्चा असते, कार्टिलेज. जबड्यातली कूर्चा तशी नाही, ती तंतूंची आहे, काथ्या विणल्यासारखी, आणि मधली गादी पण तसल्याच तंतूंची. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला जे खायला-प्यायला मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातनं, आणि ते पाणी सांधा हलला-दबला तरच आत-बाहेर होतं, स्पंज दाबून सोडल्यासारखं. सतत दाबून धरलं तर पाणी आत येणार नाही, अजिबात दाबलं नाही तरी येणार नाही. ते हे बोलले तेव्हा मी मान डोलावली, पण डोक्यात पहिलं अर्धंच शिरलं. दुसरं अर्धं शिरायला नऊ महिने लागले, ते पुढं येईलच.

एमआरआय काढला. त्यात दोनदा फोटो काढतात, एकदा तोंड मिटून आणि एकदा उघडून, आणि उघडं राहावं म्हणून दातात अडकण देतात. अर्धा तास त्या नळीत ठोकळा चावून पडायचं, लाळ घशात येते, गिळता येत नाही, वरनं ती खडखड. मी मनात ट्रायल बॅलन्स लावत पडले होते. रिपोर्टमध्ये गादी पुढं सरकलेली आणि गोटीवरची कूर्चा थोडी पातळ, हाड मात्र बरं होतं.

उपाय सुरू झाले ते साधेच. गरम शेक, दहा दिवस गोळ्या, रात्री दातांवर घालायला कडक ॲक्रिलिकची गार्ड, दातांचं माप घेऊन बनवलेली. जांभई आली की मूठ हनुवटीखाली ठेवायची. ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे, जीभ टाळूला. हे दात सुटे ठेवायचं प्रकरण सोपं वाटतं पण करून बघा, मी दर वेळी लक्ष द्यायचे तेव्हा माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असायचे. फळ्यावर लिहिताना, स्कूटीवर, भाजी निवडताना, सगळीकडं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मऊ खायचं.

आता सोलापूरच्या घरात मऊ खायचं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं कडक भाकरी हा एक धर्म आहे. ज्वारीची, पापडासारखी पातळ, महिना-महिना टिकणारी, ती शेंगाचटणी-दह्याबरोबर कडाकडा मोडून खायची. सासूबाई ७४ च्या, पुढचे चार दात नाहीत, तरी भाकरी आमटीत कुस्करून खातात पण सोडत नाहीत. त्यांच्या घरात सून मेतकूट-भात खाते म्हणजे बाळंतीण तरी असली पाहिजे किंवा टायफॉइड तरी. पहिले पंधरा दिवस त्यांनी मनापासून केलं, गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, पातळ पिठलं, शिरा. नंतर म्हणायला लागल्या, "किती दिस चालायचं गं हे?" मला पण माहीत नव्हतं.

तीन आठवडे झाले, दुखणं कमी झालं पण २४ चे २६ च झाले होते. फिजिओथेरपिस्टनी आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत करायला शिकवलं, दातांच्या मधी एकावर एक काड्या, रोज जमलं तर एक वाढवायची. माझी गाडी १३ काड्यांवर अडली ती अडलीच. मग सर्जन म्हणाले सांधा धुऊया.

धुऊया हा शब्द ऐकून मला हसू आलं, पण खरंच धुतात. आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात. फेब्रुवारीच्या शेवटी केलं. भूल फक्त तेवढ्या भागापुरती. केस मागं टोपीत बांधले, कान कापसानं बंद केला, कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पेननं रेघ मारली आणि त्या रेघेवर मोजून दोन ठिपके दिले. सुई जाताना दुखलं नाही, दाब कळला, आणि आत कुठंतरी कडेला टेकल्यासारखं झालं. मग पहिल्या सुईतनं सलाईनसारखं पाणी आत सोडलं आणि जबडा आपोआप उजवीकडं ढकलला गेला, मी काहीच करत नव्हते तरी. तो क्षण मला अजून आठवतो, आपल्याच तोंडात कुणीतरी फर्निचर हलवतंय असं. दुसरी सुई टोचली आणि तिथनं पाणी बाहेर यायला लागलं, मानेवरनं कोमट ओघळ टॉवेलमध्ये. मधीच डॉक्टर म्हणाले उघडा आता तोंड, आणि त्यांनी खालचा जबडा धरून पुढं-खाली ओढला. जे उघडलं ते उघडलं. टेबलावरच पट्टी लावून मोजलं, ३५. मी रडले. सिस्टर म्हणाल्या दुखतंय का मॅडम, म्हणलं नाही हो.

त्या दिवशी संध्याकाळी डावी भुवई उचलत नव्हती आणि डावीकडचे दात एकमेकांना टेकत नव्हते, दोन्ही दोन दिवसांत सरळ झालं, आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट केली की धुतल्यानं गादी परत जागेवर बसत नाही. आतला चिकटपणा आणि सूज आणणारा कचरा निघून जातो, सांधा परत सरकायला लागतो, बास. गादी आहे तिथंच आहे, आजही.

आता हार्मोनचं. मी हिशोबाची बाई, त्यामुळे पहिल्या दिवसापासून कालनिर्णयवर रोजचा दुखण्याचा आकडा लिहायचे, शून्य ते दहा, लाल पेननं. त्याच चौकोनात दुधाचे लिटर असतात आणि पाळीची फुली असते. जुलैमध्ये एकदा दुधाचं बिल काढायला मागची पानं उलटत होते आणि दिसलं की लाल ६ आणि ७ हे फुलीच्या आधीच्या दोन-तीन चौकोनांत बसलेत. सगळीकडं नाही, पण पाच पाळ्यांपैकी तीनदा. आणि पाळी तरी कुठं धड होती, एकदा २१ दिवसांनी, एकदा ४७ दिवसांनी. वयच ते. मला वाटलं मी मोठा शोध लावला, कॅलेंडर भिंतीवरनं काढून गुंडाळी करून पुण्याला घेऊन गेले.

डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी खरंच सगळी पानं बघितली. म्हणाले हे पुष्कळ बायकांत दिसतं. जबड्याच्या सांध्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि त्यातही विशी ते चाळिशीतल्या जास्त. या सांध्याच्या गादीत आणि कूर्चेत इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन ओळखणाऱ्या जागा असतात, रिसेप्टर. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन खाली येतं तेव्हा दुखणं वाढतं असं अभ्यासांत दिसलंय. गरोदरपणात दुखणं उतरतं आणि बाळंतपणानंतर परत चढतं असंही दिसलंय, तेव्हा मला धाकटीच्या वेळची टकटक आठवली. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाचं हार्मोन असतं, ते सांध्यांचे बंध सैल करतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत रिलॅक्सिन आणि इस्ट्रोजेन मिळून जबड्याच्या गादीतलं कोलॅजन, म्हणजे तिला बळकटी देणारं प्रोटीन, कमी करतात असं आढळलंय. माझ्या बाबतीत तेच झालं असं मात्र ते म्हणाले नाहीत, मी विचारलं तरी म्हणाले नाहीत, बाळाला मांडीवर घेऊन मान वाकडी करून बसणं, झोप नसणं, दात खाणं, तेही सगळं त्याच महिन्यांतलं.

मग त्यांनी मार्च-एप्रिलचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. इथं पाळी नाही तरी सलग ७ का? मी बघितलं. बारावीचे पेपर तपासायला होते. मी दात आवळून पेपर तपासते हे मला घरच्यांनी शंभरदा सांगितलेलं आहे. (शून्य मार्काचं जर्नल बघितल्यावर तुम्ही पण आवळाल.) तर माझ्या शोधातली हवा अर्धी तिथंच गेली.

आणि उरलेली अर्धी पुढच्या वाक्यानं. ते म्हणाले तुम्ही जे मोजलंय ते दुखणं आहे, झीज नाही. चार दिवसांत कूर्चा झिजत नाही आणि पाचव्या दिवशी भरून येत नाही. इस्ट्रोजेन खाली-वर झालं की दुखणं पोचवणाऱ्या नसाच जास्त जाग्या होतात, तोच सांधा, तीच कूर्चा, पण आकडा २ चा ६. झीज बघायची तर वर्षं लागतात आणि ती एमआरआयमध्ये दिसते. मला हे एकदम पटलं, कारण हे आमच्यातलंच आहे, रोखवहीत पैसे कमी दिसले म्हणजे मालमत्ता घटली असं नाही. दोन वेगळी खाती आहेत आणि मी एका खात्याची नोंद दुसऱ्यात करत होते.

तरी गायनॅककडं गेलेच, कारण पाळी जायच्या बेतात आहे आणि इस्ट्रोजेन जाणारच आहे तर मग सांध्याचं काय होणार ही भीती होती. मी सरळ विचारलं, हार्मोनच्या गोळ्या घेऊ का. मॅडमनी सांगितलं की जबड्यासाठी म्हणून मी त्या देणार नाही. त्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत जबड्याचं दुखणं जास्त असं काही अभ्यासांत आलं, काहींत काहीच फरक आला नाही. उंदरांचे अंडाशय काढून बघितले तर कूर्चा आणि हाड बदलतात हे खरं, पण कुठं इस्ट्रोजेन कमी झाल्यानं बिघडलं, कुठं जास्त दिल्यानं बिघडलं. अशा पुराव्यावर गोळी चालू करत नाहीत. अंगातनं वाफा येऊन झोप उडायला लागली किंवा हाडांचं काही निघालं तर तेव्हा बोलू. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, त्यात थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन १०, आणि व्हिटॅमिन डी ११. सोलापुरात राहून, जिथं एप्रिलमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तिथं राहून ११. कारण सकाळी ७ ला वर्गात आणि उन्हात निघायचं तर डोक्यापासून हातापर्यंत गुंडाळून. आठवड्याला एक ६०,००० ची पुडी, आठ आठवडे.

वजन मात्र मी स्वतःहून विचारलं नव्हतं, त्यांनीच काट्यावर उभं केलं. जानेवारीत ६१ होतं, ५५ भरलं. मी आतापर्यंत सगळ्यांना सांगत होते बघा बारीक झाले. मॅडमनी विचारलं दिवसभरात काय खाता, मी सांगितलं, भात, खिचडी, शिरा, पेज, आंबील, चहात बुडवलेलं बिस्कीट. म्हणाल्या यात प्रोटीन कुठंय? दूध-दही आणि खिचडीतली मूठभर डाळ सोडली तर कुठंच नव्हतं. शेंगदाणे बंद, कडधान्यांची उसळ बंद, काकडी-गाजर बंद, मटण तर बंदच. सांध्याला वाचवायला म्हणून जे खात होते त्यात सांधा ज्याच्यापासनं बनतो तेच कमी होतं. अंडी, पनीर कुस्करून, मुगाचं घट्ट वरण, शेंगाचटणी बारीक वाटून दह्यात, हे त्यांनी लिहून दिलं. शेंगाचटणी प्रिस्क्रिप्शनवर बघून सासूबाईंचा त्या डॉक्टरीणबाईंवर एकदम विश्वास बसला.

मधल्या काळात शेजारच्या वहिनींनी कोलॅजन पावडरचा डबा आणून दिला होता, १,८०० रुपये, कूर्चा परत वाढते म्हणून. पोटात गेलं की त्याचे पण डाळीसारखेच तुकडे होतात, ते तुकडे बरोबर जबड्याचा पत्ता शोधत जात नाहीत, असं सर्जननी सांगितलं. डबा माळ्यावर आहे. वहिनींना सांगितलेलं नाही.

आता नऊ महिन्यांवर येते. ऑक्टोबर २०२३. फिजिओथेरपीची मुलगी सोलापूरचीच, माझ्या धाकटीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, फार गोड बोलायची. त्या दिवशी तिनं गालावर बोटं ठेवून दात आवळायला सांगितलं आणि म्हणाली, मॅडम इथं स्नायूच लागत नाही हाताला. काय खाताय? म्हणलं तेच, मऊ. ती थांबली. म्हणाली, अजून? तुम्हाला मऊ किती दिवस सांगितलं होतं? मी फाईल काढली. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, सहा आठवडे, मग हळूहळू नेहमीचं. मी ते वाचलं होतं. विसरले नव्हते पण. मला भीती वाटत होती, एवढंच. एकदा दार अडकलेलं माणूस परत ते दार जोरात लावत नाही. दुखत नव्हतं, ३८ उघडत होतं, आणि मी रात्री बारा वाजता उठून भाकरीचा डबा उघडून वास घेऊन परत झोपत होते, खोटं नाही सांगत.

तेव्हा तिनं मला उंदरांची गोष्ट सांगितली. वाढीच्या वयातल्या उंदरांना दोन गटांत ठेवतात, एका गटाला नेहमीच्या कडक गोळ्या आणि दुसऱ्याला तेच खाणं पीठ करून. पोषण तेच, फक्त चावायचं काम नाही. काही आठवड्यांनी बघितलं तर पीठ खाणाऱ्यांची जबड्याच्या गोटीवरची कूर्चा पातळ निघते, तिथं नव्या पेशी कमी तयार होतात, खालचं हाड पण कमी भरतं. वाढीच्या वयातले उंदीर म्हणजे पंचेचाळीस वर्षांची बाई नव्हे, हे तिनंच सांगितलं. पण तुम्ही नऊ महिने पीठ खाणारा उंदीर झालाय, म्हणाली. तेव्हा मला पुण्यातला तो स्पंज आठवला आणि त्याचं दुसरं अर्धं, अजिबात दाबलं नाही तरी पाणी येणार नाही ते.

तिनं पायऱ्या लावून दिल्या. पहिले दोन आठवडे गरम पोळी, लहान तुकडे, दोन्ही बाजूंनी चावून, कारण मी सगळं उजव्याच बाजूला ढकलत होते. मग शिजवलेल्या मटकीची उसळ. मग मऊ गरम भाकरी, तव्यावरनं काढल्या-काढल्या. मग सफरचंदाच्या पातळ फोडी. एका वेळी एकच नवीन गोष्ट आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आकडा दोननं वाढला तर एक पायरी मागं. पाळीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत नवीन काही चालू करायचं नाही, असं मीच ठरवलं आणि ती म्हणाली चांगलं आहे की. त्या दिवसांत सांधा बिघडतो म्हणून नाही, दुखलं तर मला घाबरायला होतं आणि मी परत पेजेवर जाते म्हणून.

पहिल्या पोळीच्या दिवशी गाल दुखला, सांधा नाही, गालाचा स्नायू, जिम लावल्यावर मांडी दुखते तसा. अर्ध्या पोळीला पंचवीस मिनिटं. घरातले सगळे जेवून उठले आणि मी आपली चघळत बसलेले. धाकटी समोर बसून मोबाईलमध्ये बघत बघत म्हणाली, आई तू रवंथ करतीयस.

कडक भाकरीपर्यंत पोचायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. ती पण पुढच्या दातांनी तोडून नाही, हातानं मोडून, दह्यात दोन मिनिटं ठेवून, मग दाढेखाली. त्यातही ती कडक मोडण्याचा आवाज कानात येतो तेव्हा पोटात धस्स होतं अजून, कारण आवाज तिथंच येतो जिथं ते टक् आलं होतं. चिकट गोष्टी, चिक्की, बाजरीची शिळी भाकरी, अख्खा पेरू दातानं तोडणं, च्युइंगम, हे बंदच ठेवलंय. रात्रीची गार्ड चालू आहे. पेपर तपासताना टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलीय, "दात सोड". सहकारी विचारतात हे काय, मी सांगत बसत नाही.

दुसरा एमआरआय दीड वर्षानं काढला. गादी तिथंच, कूर्चा होती तेवढीच, आणखी पातळ झालेली नाही. उघडतं ४०. डॉक्टर म्हणाले छान, परत वर्षानं या, आणि पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

पाळी आता तीन-तीन महिने येत नाही. आकडे अजून लिहिते, पण फुल्याच कमी झाल्यात त्यामुळे जुळवाजुळव करायला काही उरलं नाही. यंदा परत नणंदेकडं हुरड्याला गेलो. भाच्यानं ऊस आणला, माझ्याकडं बघितलं, आणि न बोलता कोयत्यानं सोलून त्याचे बारीक करवे करून वाटीत दिले. सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला ऊस देतोयस रे." मी चार करवे चघळले, दोन उजवीकडं, दोन डावीकडं, चोथा आगटीत टाकला. त्या दिवसाच्या चौकोनात दीड लिटर दूध आहे आणि खाली लाल २.